पहिले दहा रिव्ह्यू

ॲमेझॉनवर नव्या मालाला रिव्ह्यू कसे मिळवायचे, हा प्रश्न बहुतेक विक्रेत्यांना लिस्टिंग, म्हणजे मालाचं विक्रीचं पान, चढवल्यावर पडतो. खरं तर तो पॅकिंग करतानाच पडायला हवा.

कोकम आगळाची बाटली घ्या. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा दाट रस, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. पण लिस्टिंग दिल्लीतही दिसतं. तिथला ग्राहक सरबत समजून मागवतो, पाण्यात ओतून तोंडाला लावतो आणि 'खूप खारट' म्हणून एक तारा देऊन मोकळा होतो. माल चोख असतो, घात वर्णनाने केलेला असतो. म्हणून पहिल्याच ओळीत लिहा : खारट, बिनसाखरेचं, सोलकढीसाठी. दुसऱ्या फोटोत सोलकढीचा पेला आणि प्रमाण दाखवा.

दुसरा एक तारा गळतीचा. भरताना बाटलीच्या काठावर रसाचा थेंब राहिला, की फॉइलचं सील तिथे धरत नाही. काठ कोरड्या फडक्याने पुसा, मग सील करा. प्रत्येक खेपेतल्या पाच-सहा बाटल्या रात्रभर वर्तमानपत्रावर आडव्या ठेवा. सकाळी कागदावर डाग दिसला, तर ती खेप पाठवू नका.

एवढा आटापिटा का? साध्या सरासरीने पाहा. पहिलाच रिव्ह्यू एक ताऱ्याचा आला, तर ४ वर यायला पाच ताऱ्यांचे ३ रिव्ह्यू लागतात, ४.५ वर यायला ७. ॲमेझॉन रेटिंग काढताना रिव्ह्यू किती ताजा आणि खरेदी खरी आहे का, हेही धरतं. तरी सुरुवातीचा फटका जड जातोच.

आता मागण्याची रीत. ॲमेझॉनच्या सेलर सेंट्रलवर, म्हणजे विक्रेत्यांच्या साइटवर, प्रत्येक ऑर्डरच्या पानावर 'रिक्वेस्ट अ रिव्ह्यू' हे बटण असतं. ते दाबलं की ग्राहकाला रिव्ह्यूची विनंती जाते. माल पोचल्यापासून ५ ते ३० दिवसांत, एका ऑर्डरला एकदाच ते चालतं. मजकूर ठरलेला असतो, आपल्याला बदलता येत नाही. आपल्या हातात फक्त दिवस. आगळासाठी दहावा-बारावा दिवस बरा, तोवर एकदा तरी सोलकढी झालेली असते. पाचव्याच दिवशी दाबलंत, तर बाटली अजून फडताळात असते आणि ती एकमेव संधी वाया जाते.

'व्हाइन' योजनेत ॲमेझॉनने निवडलेल्या रिव्ह्यूकारांना माल फुकट द्यायचा असतो. त्यासाठी ब्रँड रजिस्ट्रीत, म्हणजे ॲमेझॉनच्या ब्रँडनोंदणीत, नोंद हवी, रिव्ह्यू ३० पेक्षा कमी हवेत, आणि जास्तीत जास्त ३० नग देता येतात. तुमचा माल त्यात बसतो का, ते आधी तपासा. हे लोक स्पष्ट लिहितात, म्हणून गळती बंद झाल्याशिवाय तिकडे वळूच नका.

बॉक्समध्ये चिठ्ठी जरूर घाला : सोलकढीची कृती, उघडल्यावर बाटली कशी ठेवायची, आणि 'अनुभव लिहा' एवढंच. 'पाच तारे द्या, ५० रुपये परत घ्या' हे नियमबाह्य आहे. भावाला, मेहुण्याला लिहायला लावणंही तसंच. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहायला केंद्र सरकारच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही मनाई आहे. 'माल घ्या, स्क्रीनशॉट पाठवा, पैसे परत' अशा ग्रुपांतून आलेले रिव्ह्यू पकडले गेले की नुसते तेवढेच उडत नाहीत, लिस्टिंग आणि खातंही जाऊ शकतं. मग कमावलेले खरे रिव्ह्यूही त्याच्याबरोबर जातात.

अर्धा लिटर आणि एक लिटर एकाच पानावर जोडा, रिव्ह्यू एकत्र दिसतात. आगळाच्या पानाला कोकम सरबत मात्र जोडू नका. ती वेगळी वस्तू आहे, आणि 'खारट' म्हणून तक्रार करणारा ग्राहक तिथूनच परत येतो.