तीन काड्या आणि वळिवडे

(दृश्य: गांधीनगरची कापडपेठ. सकाळ. शटर वर जातंय.)

कोल्हापूरकराला गांधीनगर म्हटलं की आधी लग्नाचा बस्ता आठवतो. पण १९४३ ते १९४८ या काळात इथं, वळिवड्याच्या माळावर, पोलंडचं अख्खं गाव वसलं होतं. शाळा होत्या, चर्च होतं आणि जवळपास ५,००० माणसं. त्यात बायका-पोरंच जास्त.

(दृश्य: जुना नकाशा. ल्वुफ शहर.)

यातली बरीचशी पूर्व पोलंडची. तिथलं मोठं शहर ल्वुफ. आधी ऑस्ट्रियाच्या बादशहाचं. मग पोलिश आणि युक्रेनी त्यावरून लढले आणि ते पोलंडकडे आलं. ऑगस्ट १९३९ मध्ये स्टालिननं हिटलरशी गुपचूप वाटणी ठरवली. १७ सप्टेंबरला लाल सेना आत शिरली. फेब्रुवारी १९४० पासून घरंच्या घरं मालगाडीत कोंबून सायबेरियाकडे धाडली.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तसं मॉस्कोचं धोरणही फिरलं. हद्दपार पोलिशांना 'माफी' मिळाली. गुन्हा कोणता, ते विचारू नका. इराण, कराची, आणि मग मिरज लाइनीवरचं वळिवडे.

लढाई संपली की घरी जायचं, याच आशेवर छावणी दिवस काढत होती. तिकडे १९४३ च्या अखेरीस, तेहरानमध्ये, चर्चिलनं स्टालिनपुढे काडेपेटीच्या तीन काड्या मांडल्या आणि पोलंड पश्चिमेला कसा सरकवता येईल ते दाखवलं. तीन काड्या! फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टात रूझवेल्टही बसले आणि पूर्वेची हद्द ठरली, ती ढोबळमानानं कर्झन रेषेवर, म्हणजे पोलंड-रशिया सीमेसाठी १९२० मध्ये सुचवलेल्या रेषेवर. हो, बंगालची फाळणी करणारा तोच कर्झन. युद्धामुळे लंडनमध्ये आसरा घेतलेल्या पोलिश सरकारला बैठकीला बोलावलंच नव्हतं. ज्या पोलंडसाठी ब्रिटन युद्धात उतरलं, त्याच्या या सरकारची मान्यता त्यानंच ५ जुलै १९४५ ला काढून घेतली.

ल्वुफ सोव्हिएत युनियनमध्ये गेलं. आज ते युक्रेनमधलं ल्व्हीव, आणि तिथं पुन्हा रशियाची क्षेपणास्त्रं पडतात.

(दृश्य: महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ.)

वळिवड्यातल्या कित्येकांना परतायला गावच उरलं नाही. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी आणखी लांब. रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं शिरली. त्यांची गावं फाळणीनं पाकिस्तानात गेलेली.

(दृश्य: पुन्हा पेठ. गादीवर बसलेला दुकानदार बस्त्याच्या साड्या मोजतोय.)