बॉनेटवरचा बिल्ला

[दृश्य: पहाट. पिवळ्या टॅक्सीचं बॉनेट, अगदी जवळून. दव पुसणारा हात.]

हा पत्रा नीट बघा. तळहाताहून जरासा मोठा, बॉनेटवर पक्का बसवलेला. त्यावर गाडीचा नंबर उठवलाय: आधी एक आकडा, मग इंग्रजी अक्षर, मग दोन आकडे. हाच नंबर टपावरच्या दिव्यावर असतो आणि दरवाजांवरही.

न्यूयॉर्कमध्ये याला मेडॅलियन म्हणतात. आपण बिल्ला म्हणू. हा नसेल तर पिवळी टॅक्सी रस्त्यावर आणता येत नाही. २०१४ साली अशा एका बिल्ल्याचा भाव दहा लाख डॉलरच्या वर गेला होता. गाडीचे पैसे वेगळे. हा भाव नुसत्या पत्र्याचा, म्हणजे त्यामागच्या परवान्याचा.

[दृश्य: केनेडी विमानतळाचा टॅक्सी तळ. पिवळ्या गाड्यांच्या लांबच लांब रांगा. थर्मासमधून कागदी कपात ओतला जाणारा चहा.]

विमानतळावर टॅक्सीला थेट दारापाशी जाता येत नाही. आधी या तळावर रांग लावायची आणि नंबर येईपर्यंत थांबायचं. कुणी पत्ते काढतं, कुणी नमाज पढतं, कुणी सीट मागे करून डोळा लावतं. बांगला, पंजाबी, उर्दू, फ्रेंच, अरबी, सगळ्या भाषा कानावर पडतात.

थर्मास हातात असलेले हे पाजी जालंधरकडचे. नाव सांगू नका म्हणाले, म्हणून सांगत नाही. तीस वर्षं या शहरात टॅक्सी चालवतायत. आम्ही चौघं गाडीपाशी उभे होतो. त्यांनी आधी आम्हाला चहा दिला, मग स्वतः घेतला.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. तीसच्या दशकातलं मॅनहॅटन, टॅक्सींची गर्दी.]

गोष्ट सुरू होते १९३७ साली. मंदीचे दिवस होते. हाताला काम नाही म्हणून जो तो टॅक्सी काढत होता. गाड्या उदंड झाल्या आणि भाडी तेवढीच राहिली. महापौर फियोरेलो ला ग्वार्डिया यांच्या कारकिर्दीत हास कायदा आला आणि टॅक्सींच्या संख्येला कुलूप लागलं. परवान्याची फी होती दहा डॉलर.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा आकडा ११,७८७वर स्थिरावला आणि १९९६पर्यंत तिथेच राहिला. शहर वाढलं, विमानतळ वाढले, उंच इमारती उभ्या राहिल्या. बिल्ले मात्र तेवढेच. मागणी वाढती आणि माल मोजका, मग भाव चढणारच.

[दृश्य: गॅरेज. भिंतीवर टांगलेल्या किल्ल्या. पाळी बदलताना गाड्यांची ये-जा.]

१९७९ साली आणखी एक बदल झाला. तोवर गॅरेजचा, म्हणजे बऱ्याच टॅक्सी बाळगणाऱ्या मालकाचा, चालक नोकरदार होता. दिवसभराच्या गल्ल्यातला ठरलेला वाटा त्याला मिळायचा. नव्या नियमाने गॅरेजला गाडी पाळीवर भाड्याने द्यायची मुभा मिळाली. पाळी बारा तासांची आणि भाडं आधी मोजायचं. दिवस रिकामा गेला तर तोटा चालकाचा, आजारी पडला तर तोही त्याचाच.

अशी दहा-पंधरा वर्षं दुसऱ्याची गाडी हाकल्यावर माणसाच्या मनात एकच गोष्ट घर करते. आपला बिल्ला हवा. इथे हे फार मोठं स्वप्न होतं. बिल्ला म्हणजे म्हातारपणाची पुंजी, मुलांच्या कॉलेजची फी. रोजचं भाडं वाचतं, ते हप्त्यात जातं आणि शेवटी हाती मालमत्ता राहते. पिढ्यान्पिढ्या ही गोष्ट खरी ठरली होती, म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. त्यांना भोळे म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

[दृश्य: सिटी हॉलची पांढरी इमारत. पायऱ्या, लोखंडी फाटक.]

आता विकणारा कोण, ते पाहू.

नवे बिल्ले शहर स्वतः लिलावात काढत होतं. टॅक्सींचं नियमन करणारं खातं शहराचंच, आणि त्याच खात्याने बिल्ल्यांची जाहिरातही केली. शेअर बाजारापेक्षा ही गुंतवणूक चांगली, असं त्या जाहिरातीत होतं. लिलावातून आणि जुन्या बिल्ल्यांच्या खरेदी-विक्रीवरच्या करातून शहराच्या तिजोरीत ८५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. २००२च्या सुमारास दोन लाख डॉलरला मिळणारा बिल्ला बारा वर्षांत पाचपट झाला. तेवढ्या काळात चालकाची कमाई पाचपट झाली नव्हती. हे आकडे शहराच्या दप्तरात होते.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. प्लास्टिकच्या पिशवीतून निघणारे कर्जाचे कागद. बोट एका ओळीवर थांबतं.]

पाजींनी २००७ साली बिल्ला घेतला, एका पतसंस्थेच्या कर्जावर. हे कर्ज घराच्या कर्जासारखं वीस-तीस वर्षांत फिटणारं नव्हतं. हप्ता भरायचा, त्यात मुख्यतः व्याजच जायचं, मुद्दल जागच्या जागी. तीन वर्षं झाली की पूर्ण रक्कम परत करा, नाहीतर कर्ज नव्याने करून घ्या. नव्याने करताना फी वेगळी. तोवर भाव चढलेला असायचा, म्हणून देणारा म्हणायचा, आणखी थोडे घ्या, तुमच्या बिल्ल्याची किंमत वाढलीय. मुलीची फी होती, घराचं छप्पर गळत होतं. पाजींनी घेतले.

सात वर्षं एकही हप्ता चुकला नाही. २०१४ साली शिल्लक होती सहा लाख डॉलर, म्हणजे घेतलं त्याहून जास्त.

हे एकट्या पाजींचं नाही. न्यूयॉर्क टाइम्सने २०१९ साली या कर्जव्यवहाराचा छडा लावला, आणि पुढच्या वर्षी त्या कामाला पुलित्झर मिळालं. २०२०मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्या लेटिशिया जेम्स यांनी भाव फुगवल्याचा ठपका ठेवून खुद्द शहराकडे ८१ कोटी डॉलर मागितले.

[दृश्य: रात्रीचा रस्ता. एकामागून एक काळ्या गाड्या, काचेवर ॲपची चिन्हं.]

उबर २०११ साली न्यूयॉर्कमध्ये आली. तिला बिल्ला लागत नव्हता. काही वर्षांत ॲपच्या गाड्या पिवळ्या टॅक्सींच्या कितीतरी पट झाल्या. बिल्ल्याचा भाव दोन लाखांच्याही खाली आला, कर्ज मात्र होतं तेवढंच राहिलं. २०१८ साली काही चालकांनी जीव दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शहराने ॲपच्या नव्या गाड्यांवर मर्यादा घातली.

[दृश्य: फाटकाबाहेरच्या पदपथावर ठेवलेली फुलं, मेणबत्त्या. आवाज बंद. सात सेकंद.]

[दृश्य: सप्टेंबर २०२१. सिटी हॉलबाहेर ब्रॉडवेवरचा पदपथ. हाताने लिहिलेल्या पाट्या, घड्यांच्या खुर्च्या, ताडपत्री. कडेला ओळीने पिवळ्या गाड्या.]

महासाथीत रस्ते ओस पडले आणि उरलंसुरलं भाडंही गेलं. शहराने योजना काढली. मोजकेच बिल्ले असलेल्या मालकाला वीस हजार डॉलरची मदत, पुढचं धनकोशी तुम्ही बोला. सहा लाखांच्या कर्जाला वीस हजार! चालकांनी १९ सप्टेंबरला सिटी हॉलच्या फाटकाबाहेर बैठक मारली आणि ती दिवसरात्र चालू ठेवली. पाळ्या लावल्या. सकाळी गाडी, रात्री धरणं.

त्यांची संघटना न्यूयॉर्क टॅक्सी वर्कर्स अलायन्स. तिच्या प्रमुख भैरवी देसाई. जन्म गुजरातचा, लहानपणीच आईवडिलांबरोबर न्यू जर्सीला आल्या. मे १९९८मध्ये या संघटनेच्या हाकेवर एक दिवस शहरातल्या जवळजवळ सगळ्या पिवळ्या टॅक्सी थांबल्या होत्या.

मागणी एकच होती, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. शहराने जामीन राहावं. चालकाचे हप्ते थकले तर शहर भरेल, एवढी हमी मिळाली की धनकोचा धोका संपतो आणि तो मुद्दल कमी करायला तयार होतो. शहराला आज तिजोरी रिकामी करावी लागत नाही. ज्याने माल विकला त्याने मालाच्या मागे उभं राहावं, इतकी ही साधी गोष्ट. आम्हाला तरी यात काही जास्तीचं मागितलं असं दिसलं नाही.

शहर हलेना. २० ऑक्टोबरला उपोषण सुरू झालं.

[दृश्य: ब्लँकेट गुंडाळून बसलेले चालक. पांढऱ्या दाढ्या, गुडघ्यांवर हात. छातीला उपोषणाचे फलक. पाण्याच्या बाटल्या.]

साठी उलटलेली माणसं होती यात. मधुमेह असलेली होती. क्वीन्समधून निवडून आलेले राज्य विधानसभेचे तरुण सदस्य झोहरान ममदानी शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर उपाशी राहिले. पाण्यावर दिवस काढत होते सगळे. येणाऱ्या-जाणाऱ्या टॅक्सी हॉर्न वाजवून पुढे जात होत्या. ते हॉर्न आम्ही कापलेले नाहीत.

[दृश्य: त्याच जागी ढोल. हात वर, रडणारे-नाचणारे चालक.]

३ नोव्हेंबर, पंधरावा दिवस. सेनेटर चक शूमर यांनी मध्यस्थी केली होती. शहर आणि सर्वात जास्त बिल्ल्यांची कर्जं हाती असलेली मार्बलगेट ही गुंतवणूक कंपनी यांच्यात करार झाला. मुद्दल दोन लाखांवर आणायचं. त्यातले ३०,००० शहर भरणार. उरलेल्या १,७०,०००ला शहराची हमी. हप्ता महिन्याला जास्तीत जास्त १,१२२ डॉलर.

[दृश्य: उपोषण सोडताना. पहिला घास. निवेदन नाही.]

प्रत्यक्ष कागद व्हायला २०२२चा ऑगस्ट उजाडला. तोवर व्याजदर चढले होते, हप्ता १,२३४वर गेला. हजाराहून जास्त चालकांची कर्जं नव्याने बांधली गेली. काहींचे बिल्ले आधीच जप्त झाले होते. ममदानी नोव्हेंबर २०२५मध्ये याच शहराचे महापौर म्हणून निवडून आले.

[दृश्य: पुन्हा विमानतळाचा तळ. रांग हलते. पाजी थर्मासचं झाकण घट्ट लावतात.]

पाजींचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. शेवटचा कोणत्या वर्षी, तेही कागदावर आहे. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढे असेल.

केनेडीहून मॅनहॅटनचं ठरलेलं भाडं ७० डॉलर. टोल आणि अधिभार वेगळे. त्यांचा नंबर लागलाय. टपावरचा दिवा लावून गाडी टर्मिनलकडे निघते.

[दृश्य: समोरून येणारी गाडी. बॉनेटवरचा बिल्ला. पडदा काळा.]