तणनाशक फवारताना शेजारची बागही बघा

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

भांगलणीला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर रोजगार परवडत नाही. हे रडगाणं वाळवा-पलूसपासून कराड-कोरेगावापर्यंत सारखंच. त्यामुळं तणनाशक मारावं की नको, हा वाद मी आज काढत नाही. मारताय तर मापात मारा आणि वारं बघून मारा, एवढंच बोलायचंय.

आधी मापाचं. 'पंपाला दोन टोपणं' हे माप नव्हे. मात्रा पंपाला नसते, एकराला असते. सोयाबीनमधलं १० टक्के इमॅझेथापायर हे तणनाशक एकरी ४०० मिली, पेरणीनंतर १५ ते २० दिवसांत, तण दोन-चार पानांवर असताना. आता आपल्या एकराला पाणी किती लागतं? पंपात नुसतं पाणी भरा, रोजच्या चालीनं एक गुंठा फवारा आणि किती संपलं ते मोजा. ५ लिटर संपलं तर एकराला २०० लिटर. म्हणजे १५ लिटरचे तेरा-साडेतेरा पंप आणि पंपाला ३० मिली औषध. म्हातारा सावकाश चालतो, पोरगं पळतं. टोपणं दोघांची सारखीच, पण रानात औषध सारखं पडत नाही. मग तण मेलं नाही की दुकानात जाऊन भांडण!

उसात अट्राझीन किंवा मेट्रीब्युझीन लागणीनंतर तीन-चार दिवसांत, वापशावर, म्हणजे रानात ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी. फवारताना मागं सरकत जायचं, कारण पाय पडला की जमिनीवरचा औषधाचा थर मोडतो आणि तिथूनच तण वर येतं. सरीत सोयाबीन टोकलं असेल तर मात्र अट्राझीनचं नावही काढू नका. लव्हाळ्याला हॅलोसल्फ्युरॉन, एकरी ३६ ग्रॅम, तो तीन-चार पानांवर असताना. नुसतं खुरपलं तर खालच्या गाठी शाबूत राहतात आणि आठवड्यात हिरवंगार.

आता खरं दुखणं. उसातल्या रुंद पानांच्या तणाला आपण सर्रास टू-फोर-डी मारतो. ऊस त्याला दाद देत नाही, पण बांधापलीकडची द्राक्षबाग फार हळवी. थोडे तुषार गेले तरी नवी पानं पंख्यासारखी आखडतात, शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात, शेंडा थांबतो. त्यातलं एस्टर प्रकारचं औषध तर उन्हात वाफ होऊनही पसरतं. आणि आपल्याकडचा योग बघा: उसाची पूर्वहंगामी लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तेव्हाच बागेची फळछाटणी, म्हणजे घड येण्यासाठीची छाटणी. 'सुरू' म्हणजे त्यानंतरच्या हंगामात लावलेल्या उसात तण माजतं मार्च-एप्रिलला, तेव्हा खरडछाटणी, म्हणजे द्राक्ष काढल्यावरची छाटणी. दोन्ही वेळा पलीकडं कोवळी फूट! तासगाव-मिरजेकडं बांधावरची कितीतरी भांडणं यातनंच पेटतात, आणि बागायतदाराचं म्हणणं खोटं नसतं.

म्हणून फवारणी सकाळी, वारं पडलेलं असताना. नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, म्हणजे सपाट पट्ट्यात फवारा टाकणारं, पंपाचा दाब कमी, नोझल जमिनीलगत. आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगा. बाग अगदी बांधाला लागून असेल आणि फूट कोवळी असेल तर तेवढ्या सऱ्या खुरप्यानं काढा.

तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढा. तोच पंप धुऊन बागेत नेला तरी नळीत आणि वायसरात राहिलेलं टू-फोर-डी पानांवर उमटतं. धुतलेलं पाणी पाटात किंवा विहिरीजवळ सोडू नका, बांधावरच्या पडीक जागेत ओता.