राजीनामा तयार ठेवून केलेलं संपादन

(दृश्य: लंडन. परराष्ट्र खात्याची इमारत.)

सरकार आपलं दप्तर सहसा स्वतःहून उघडत नाही. १९२४ मध्ये ब्रिटनला ते उघडावं लागलं. व्हर्सायच्या तहाने पहिल्या महायुद्धाचा दोष जर्मनीच्या माथी मारला होता. त्याला उत्तर म्हणून जर्मनी १९२२ पासून आपले जुने खलिते आणि तारा छापत सुटला होता. पुढे त्याचे ४० खंड झाले. युरोपभर इतिहासकार जर्मन कागद वाचत होते आणि ब्रिटनचे कागद कुलपात होते.

ते बाहेर काढण्याचं काम दोघांकडे आलं. एक जी. पी. गूच, लिबरल पक्षाचे माजी खासदार. दुसरे इतिहासकार हॅरल्ड टेंपर्ली.

(दृश्य: केंब्रिज, पीटरहाउस कॉलेज.)

टेंपर्ली जन्माने केंब्रिजचेच, १८७९ चे. युद्धकाळात त्यांनी लष्करासाठी बाल्कन प्रदेशाचा अभ्यास केला होता, १९१९ च्या पॅरिस परिषदेत ते हजर होते. तह कसे घडतात हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. म्हणूनच, काय दडवलं जातं हेही त्यांना ठाऊक असावं.

खात्यातल्या अधिकाऱ्यांना काही कागद अडचणीचे वाटत. मित्रराष्ट्रं दुखावतील, ही भीती. टेंपर्ली मागे हटले नाहीत. महत्त्वाचा एकही कागद वगळायला लावलात तर आम्ही राजीनामा देऊ, हे या दोघांनी थेट प्रस्तावनेत छापलं! सरकारी खर्चाने निघालेल्या पुस्तकात सरकारलाच दिलेला हा इशारा. आम्हाला त्यांच्या साऱ्या ग्रंथांहून हे धैर्य मोठं वाटतं.

१९२६ ते १९३८, ब्रिटनच्या या कागदांचे अकरा खंड निघाले. त्याच शेवटच्या वर्षी टेंपर्ली पीटरहाउसचे प्रमुख झाले आणि ११ जुलै १९३९ ला वारले.

(दृश्य: तिसऱ्या खंडाची पानं.)

या खंडात परराष्ट्र खात्यातले अधिकारी आयर क्रो यांचं १९०७ चं टिपण आहे, जर्मनीपासून सावध राहा असं सांगणारं. त्यामागोमाग खात्याचे निवृत्त सचिव लॉर्ड सँडरसन यांचं उत्तर येतं: जर्मनीवर हा अन्याय होतोय. आणि सँडरसन यांच्या म्हणण्यावर क्रो यांनी मारलेले शेरे, तेही तिथेच, जसेच्या तसे.