कोठवर?

(पहाट. मासुंदा तलाव. पाण्यात रस्त्यावरच्या दिव्यांची थरथर.)

ठाणेकरांसाठी ही तलावपाळी. पप्पा रोज पहाटे इथे चार फेऱ्या मारायचे आणि जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन घरी यायचे. टोमॅटो हमखास पिशवीच्या तळाशी, त्यावर कांदे-बटाटे. आई रोज ओरडायची. पप्पा रोज "उद्यापासून वर ठेवतो" म्हणायचे.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. पप्पा गेले तेव्हा आईही पॉझिटिव्ह होती, आतल्या खोलीत विलगीकरणात. दफनाला आमच्या चर्चचे पाळकसाहेब, मी आणि पीपीई किट घातलेले चार जण. पाळकसाहेबांनी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हटलं. आई मोबाइलवर ऐकत होती. 'मृत्युच्छायेच्या दरी'पर्यंत तिला ऐकू आलं आणि नेटवर्क गेलं. पुढचे शब्द, 'तू माझ्याबरोबर आहेस', तिच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. हे तिने मला फार उशिरा सांगितलं.

(कपाटाच्या माथ्यावर जुनी सुटकेस. शेजारी काळ्या कव्हरचं बायबल.)

बरी झाल्यावर आईने आपलं बायबल उचलून इथे ठेवलं. रागाने नाही. घडी घातलेली चादर ठेवावी तसं. जेवणाआधीची प्रार्थना बंद झाली, झोपण्याआधीचीही.

फोन यायचे. "देवाची इच्छा." "देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याचीच परीक्षा घेतो." बोलणाऱ्यांची माया खरी होती, पण तो काळ त्या वाक्यांचा नव्हता. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले होते, तोवर सगळं बरोबर होतं. बोलायला लागले आणि बिघडलं.

पाऊस सरल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोघी जणी दर बुधवारी संध्याकाळी घरी येऊ लागल्या. एकीच्या पिशवीत मोड आलेले वाल असायचे. खाली चटई, मध्ये ताट, आणि तिघी वाल सोलत बसायच्या. बोटांनी दाबलं की साल सुटते, डाळिंबी टपकन ताटात पडते. दोघी हळू आवाजात एखादं भजन म्हणायच्या. आई म्हणायची नाही, पण त्यांना थांबवायचीही नाही. निघताना त्याच प्रार्थना करायच्या, आईच्या वाटणीचीही. असे किती बुधवार गेले, मोजले नाहीत.

एकदा वाल सोलता सोलता आई म्हणाली, "तो ऐकत नाही गं. मला आता मागावंसंच वाटत नाही."

दोघींपैकी थोरलीने हात पदराला पुसले. कपाटावरचं बायबल मला काढायला लावलं. तेरावं स्तोत्र उघडून आईच्या मांडीवर ठेवलं. "वहिनी, हे वाचा. मोठ्याने वाचा."

त्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत देवाला चार वेळा एकच प्रश्न विचारलाय. कोठवर? दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश अशीच आहेत. गाऱ्हाण्याची, रडण्याची, देवाला जाब विचारणारी. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. उपासनेत आपण ती फार कमी वाचतो, आणि याचं मला मनापासून दुःख आहे. कारण आईला इतके महिने वाटत होतं की तक्रार आहे म्हणजे विश्वास गेला. शास्त्रात तर त्या तक्रारीलाच प्रार्थना म्हणून जागा दिलेली आहे.

आईने वाचलं. तिसऱ्या 'कोठवर'ला आवाज फुटला. पप्पा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच देवाशी बोलत होती, आणि भांडत होती.

(संत योहान बाप्तिस्ता चर्च. तलावाकाठची वर्दळ.)

हे चित्रण करताना मी ठाण्याचा जुना इतिहास वाचला. एप्रिल १३२१ मध्ये चीनकडे निघालेले फ्रान्सिस्कन पंथाचे चौघे धर्मबंधू याच ठाण्यात मारले गेले. तेव्हा इथे नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या ख्रिस्ती परंपरेतली कुटुंबं राहत होती, त्यांच्याच घरी हे चौघे उतरले होते. त्यांचा सोबती जॉर्डन, डोमिनिकन पंथाचा धर्मबंधू, त्या वेळी गुजरातच्या वाटेवर होता. तो परतला, सोबत्यांचे देह सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला नेले आणि तिथे पुरले.

बरोबर सातशे वर्षं. तोच एप्रिल, तेच ठाणं.

दोनेक वर्षांनी जॉर्डनने ठाण्यातूनच आपल्या बंधूंना पत्र लिहिलं. ते पत्र आजही वाचायला मिळतं. त्यात तो आपलं दुःख झाकत नाही. मी एकटा आहे, शरीर व्याधींनी खंगलंय, माणसांचा आधार उरलेला नाही, असं तो सांगतो. माझ्यासाठी प्रार्थना करा, असं विनवतो. आणि त्याच पत्रात, ठाणे ते सोपारा या पट्ट्यात आपण किती जणांना बाप्तिस्मा दिला, हेही कळवतो. गाऱ्हाणं आणि काम एकाच कागदावर. पुढे १३२९ मध्ये पोपने त्याला केरळातल्या कोल्लमचा बिशप नेमलं.

मी हे आईला वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "त्याच्याजवळ बसायला कोणी होतं का रे?"

(जिना. संध्याकाळ. बुधवार.)

बायबल आता उशाशी असतं. तेराव्या स्तोत्राच्या पानात खूण म्हणून पप्पांच्या चष्म्याची दोरी आहे. आई अजूनही रडते, प्रार्थनेत मध्येच थांबते. कधी आमेनपर्यंत पोहोचते, कधी नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा मुलगा मागच्या महिन्यात अपघातात गेला. त्या ख्रिस्ती नाहीत. आई तरीही दर बुधवारी त्यांच्याकडे जाते. आज तिच्या पिशवीत भिजवलेले वाल आहेत, आणि वर, चेपू नयेत म्हणून, चार टोमॅटो.

दार उघडतं. ताई काही बोलत नाहीत.

आई चप्पल काढते. "ताट आण गं एक. मोठं."