ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी : शिक्षणाची वाट

यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीची वेचणी जोरात असते, तेव्हा बाईच्या कमरेची झोळी दुपारपर्यंत चांगलीच जड झालेली असते. ओटीपोटाच्या तळाचे, लघवीची पिशवी आणि गर्भाशय पेलणारे स्नायू सैल पडले की खोकताना लघवी सुटते, अंग (गर्भाशय) बाहेर येते; हे ती फार तर जावेला सांगते. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध केला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आणि आधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के.

बारावीला जीवशास्त्र, मग ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, फिजिओथेरपीची पदवी, इंटर्नशिप आणि राज्य परिषदेकडे नोंदणी, इथवरची वाट सर्वच फिजिओथेरपिस्टांची सारखी असते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू हाताने तपासण्याचे शिक्षण मात्र त्यापुढे, पदव्युत्तर अभ्यासात किंवा स्वतंत्र प्रशिक्षणात मिळते. जंतुसंसर्ग, बाळंतपणाचे ओले टाके किंवा गर्भारपण आहे का, हे विचारून, संमती घेऊन, हातमोजा घातलेल्या बोटाने योनीमार्गातून स्नायूंची पकड पाहायची आणि तिला ० (पकडच नाही) ते ५ (घट्ट पकड) यांपैकी श्रेणी द्यायची, ही ती तपासणी. यातील २ आणि ३ मधला फरक आकृतीवरून उमगत नाही. अनुभवी शिक्षिकेने आधी तपासून मग विद्यार्थिनीला तपासायला लावले, तरच तो बोटाला कळतो. ‘आवळून धरा’ म्हटल्यावर कित्येक जणी श्वास कोंडतात, मांड्या आवळतात किंवा उलट खाली जोर देतात, आणि त्या जोराने त्रास वाढूही शकतो. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली हे स्नायू आवळण्याचे व्यायाम मांडले, तेव्हा सोबत दाब मोजणारे उपकरणही दिले होते. नुसत्या तोंडी सूचनेवर त्यांचाही भरवसा नसावा. म्हणूनच रुग्णाला हात न लावता दोन दिवसांत मिळणारे प्रमाणपत्र अपुरे ठरते.

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आणि सावंगी इथल्या वैद्यकीय शिक्षणसंस्थांभोवती खेडीच आहेत, तेव्हा प्रशिक्षणाचा काही काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात काढणे अवघड नसावे. आशाताईंनी तक्रार ओळखून बाईला केंद्रापर्यंत आणावे; तपासणी मात्र प्रशिक्षित हातांनीच व्हावी. व्यायाम किमान ३ महिने करावे लागतात आणि रोजी बुडवून कोणी फेरतपासणीला येत नाही, त्यामुळे पुढची तारीख आठवडी बाजाराच्या दिवशी देणे, हेही विद्यार्थिनीला तिथेच शिकता येईल.