मेखेचं डोकं

नमस्कार, श्रोतेहो. पाऊस सरला, दिवाळी झाली, आता माळ्यावरचे तंबू खाली उतरतील. तंबू उलगडण्याआधी एक काम करा. मेखांची पिशवी जमिनीवर ओता, एकेक मेख उचला, तिचं डोकं चिमटीत धरून पिळून बघा. गरकन फिरलं, तर ती मेख बाजूला काढा.

मी बोलतोय अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ नळीच्या मेखांबद्दल. नळीच्या तोंडात डोक्याचा छोटा दांडा घालून तो चिकटवलेला असतो. सगळा भार त्या चिकटवणीवर. ती सुटली की डोकं सुटलं.

मला हे कळलं गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, मामाच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, वरच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर. जानेवारीचे दिवस. दोन भाच्यांना घेऊन गेलो होतो. जांभ्याची कडक जमीन, मेखा दगडानं ठोकून बसवल्या. मध्यरात्री घाटावरून वारा उतरला आणि बाहेर ‘टक्’ असा आवाज झाला. थोड्या वेळानं दुसरा, मग तिसरा. तंबूची एक बाजू फडफडायला लागली. बॅटरी घेऊन बाहेर आलो, तर दोरी मोकळी पडलेली आणि तिच्या फासात अडकलेलं मेखेचं डोकं. त्याच्या दांड्यावर जुन्या गोंदाचं पिवळट कडं, नखानं टोकरलं तर पापुद्रा निघत होता. नळी मात्र जमिनीत घट्ट रुतलेली, आणि धरायला वर काहीच नाही.

पोरांना घेऊन खाली आलो. मामानं काही विचारलं नाही. कोयता घेतला, बांबू चिरला, हातभर लांबीच्या तीन खुंट्या तासल्या, दोरी सरकू नये म्हणून वर खाच पाडली, आणि कंदील घेऊन आमच्याबरोबर सड्यावर आला. खुंट्या त्यानं तिरक्या ठोकल्या, डोकं तंबूपासून लांब कललेलं. सकाळपर्यंत तंबू हलला नाही.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून मामानं विचारलं, “ह्या मेखा तू जमिनीतून काढतोस कशा?” म्हटलं, डोकं धरून वर ओढतो. मामा म्हणाला, “अरे, बैलाला कोणी शिंग धरून ओढतं काय? दावं लावतात.” प्रत्येक खेपेला डोकं धरून ओढलं की चिकटवण थोडी थोडी सुटत जाते, वारा फक्त शेवटचा धक्का देतो. म्हणून सांगतो, मेख डोकं धरून ओढू नका. तिच्यात सुंभाचा एक फास अडकवा, मेख ज्या कलानं आत गेली त्याच कलानं ओढा. डोकं धरून ओढू नका.

मग मामीनं चुलीवर पाणी उकळायला ठेवलं. ती तीन डोकी मामानं त्यात टाकली. उकळत्या पाण्यात जुना गोंद मऊ पडला आणि चाकूच्या टोकानं फणसाच्या चिकासारखा ओढून निघाला. नळीच्या तोंडातलाही तसाच.

पुढचं काम सोपं. सगळं सुकू द्या. दांडा आणि नळीचं तोंड आतून पॉलिश पेपरनं खरवडा, स्पिरिटच्या फडक्यानं पुसा, नंतर बोट लावू नका. अ‍ॅल्युमिनियमवर हवेनं बारीक थर चढतो, तेलकटपणा बसतो. खरवडलं नाही तर गोंद धातूला न धरता त्या थरालाच धरतो. गोंद घ्या तो दोन ट्यूबांचा, अ‍ॅराल्डाइटसारखा. दोन्हीतून सारखा घेऊन काडीनं एकजीव करा. एका थेंबात चिकटणारा झटपट गोंद इथे नको, तो ठिसूळ असतो, चार ठोक्यांत तडकतो. आणि दर वर्षी मेखांचा नवा संच घेणाऱ्यांचं मला वाईट वाटतं, नळ्या धडधाकट असतात हो! शाळेत पोरांना पॉलिश पेपर धरायला शिकवलं पाहिजे, हे माझं जुनं म्हणणं आहे.

गोंद दांड्याला लावा, नळीच्या तोंडातही थोडा लावा, फिरवत फिरवत डोकं बसवा. बाहेर आलेला गोंद लगेच पुसा. मग मेख उलटी, डोकं खाली करून, वाळूच्या डब्यात उभी ठेवा, म्हणजे गोंद नळीत उतरत नाही. 24 तास हात लावू नका. पूर्ण 24 तास.

समुद्रकाठी जाणार असाल तर घरी आल्यावर मेखा गोड्या पाण्यानं धुवा. मऊ वाळूत मेख धरत नाही, तिथे वाळू भरलेली पिशवी दोरीला बांधून पुरा. आणि गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात. त्या वाळूत कृपा करून काहीही ठोकू नका, पुरू नका, रात्री दिवेही लावू नका.

मामाच्या त्या तीन बांबूच्या खुंट्या अजून माझ्या पिशवीत आहेत, डोकं चिकटवलेल्या मेखांच्या शेजारी. नमस्कार.